पाच महिने मुक्कामाचं पावणं

लोक प्रवासाला जातात म्हणजे विमानात बसतात, बर्फात पडतात आणि परत येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोटो दाखवून छळतात. मी यंदा आश्विनात चार दिवसांचा प्रवास केला. सगळ्यात लांब गेलो ते पेठ वडगावला, म्हणजे एसटीनं तासाभराच्या आत. पण तेवढ्यात मी पाण्यात पडलो, अनवाणी चाललो, एका शिकलेल्या बाईकडून उघडा पडलो आणि अडतीस वर्षं जपलेली माझी एक अब्रू पेठ वडगावच्या चुलीपुढे ठेवून आलो. बर्फात पडणाऱ्यांनी माझ्याशी बरोबरी करू नये.

आधी माझी ओळख करून देतो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी चौतीस वर्षं मोल्डर होतो. वाळूचे साचे भरायचे, त्यात लोखंडाचा रस ओतायचा. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. घर रंकाळ्याच्या मागच्या अंगाला, दोन खोल्या आणि मागं परसू. मला सगळे अण्णा म्हणतात. माझ्या बोलण्यात वाढ-घट असते असा माझ्यावर आरोप आहे. तो निम्मा खोटा आहे. घट कधीच नसते.

यावर घरात एक औषध होतं. आमची मालकीण. मी कामावरून येऊन म्हणायचो, "आज वाळूच्या ढिगात वीस फुटी साप निघाला."

ती भाकरी थापता थापता म्हणायची, "निम्मं करा."

"दहा फुटी."

"आणि निम्मं करा."

"पाच."

"आणि."

असं करत करत आम्ही गांडुळापर्यंत यायचो. मग ती हसायची आणि मला भाकरी मिळायची.

फक्त एका गोष्टीला तिनं कधी 'निम्मं करा' म्हटलं नाही. मी तिला बघायला गेलो होतो ती गोष्ट. मी ती चारशे वेळा तरी सांगितली असेल: काळा कोट, करकर वाजणारी नवी कोल्हापुरी चप्पल, वाघासारखा बसलोय, सासऱ्यांच्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देतोय, एका बैठकीत अकरा पुरणपोळ्या. ती शेजारीच असायची. खाली बघून भाजी निवडत राहायची. मला वाटायचं, अभिमान वाटत असेल.

मालकीण या उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून मी वीस फुटी साप सांगतो आणि तो वीस फुटीच राहतो. घरभर पसरतो.

कॅलेंडर

प्रवासाचं कारण असं झालं. गॅसचा सिलिंडर कधी लावला ते बघायला कॅलेंडर खाली काढलं. त्या एकाच खिळ्यावर मालकिणीनं सहा वर्षांची कॅलेंडरं एकामागं एक अडकवून ठेवली होती. सगळे कागद अंगावर आले. चौकटीचौकटीत तिचं बारीक पेन्सिलीचं अक्षर. सिलिंडर, दळण, आक्काला फोन. आणि दर वर्षी आश्विन पौर्णिमा झाली, विहारातला तीन महिन्यांचा वर्षावास संपला, की दोन-चार दिवसांत एका चौकटीत हे शब्द: 'पावणं आलं.' मग थेट होळीच्या आसपास: 'पावणं गेलं.'

मी खालीच बसलो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे पावणं म्हणजे पाहुणा तर खराच, पण रस्ता विचारणारा अनोळखी माणूसही पावणंच. कंडक्टर पुढं सरकायला सांगतो तेही पावणं म्हणूनच. तेव्हा हे नेमकं कोण? पाच महिने मुक्काम करणारं पावणं, सहा वर्षं येतंय, आणि घरधन्याला पत्ता नाही? मी पहिल्या पाळीला जायचो, दुपारी यायचो. कधी एक कप जास्तीचा विसळलेला दिसला नाही. खोटं कशाला बोलू, म्हातारपणी थोडी आग लागली. बायको जाऊन सहा महिने झालेत आणि नवरा कॅलेंडर उलटंसुलटं करून चोर शोधतोय.

मग तीन वर्षांपूर्वीच्या एका चौकटीत सापडलं: 'पावणं दगडावर. शेपूट हालवतंय.'

माझे सगळे नातेवाईक मी आठवून बघितले. शेपूट कुणालाच नाही. म्हणजे पाखरू. मालकीण परसात दाणे टाकायची, पाणी ठेवायची, हे मला ठाऊक होतं. मी मात्र निवृत्तीनंतरचे दोन्ही हिवाळे पुढच्या कट्ट्यावर बसून साप सांगण्यात घालवले होते.

आणि आता खरी पंचाईत. दगड म्हणजे परसातला धुण्याचा दगड. ती गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला माणसं बसवायची म्हणून मी परसातली माती झाकून सगळीकडे फरशी घालून घेतली होती. दगड मध्ये येत होता. तो मी बापूला देऊन टाकला होता. बापू म्हणजे शिवाजी पेठेतला माझा दोस्त, तालमीतला जुना गडी. तिथली पोरं तो उचलून दंड कमावत होती.

पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. पावणं निघालं असेल. ते कोण, त्याला काय लागतं, हे सांगणारी गेली होती, आणि त्याचं बूड टेकायचं ठिकाण मी वाटून टाकलं होतं.

पहिला दिवस: रंकाळा

पाखरं बघायला जायचं म्हणून चांगले कपडे केले, करकरणारी चप्पल घातली, बापूला घेतला. रंकाळ्यावर सकाळी पाणकावळे पंख पसरून असे उभे होते, जसं गल्लीभर कुणी काळे सदरे वाळत घातलेत. तलावावर इतकी पाखरं होती की पाणी कुठं आहे ते मला विचारावं लागलं. जांभळ्या पाणकोंबड्या केंदाळाच्या पानांवरून चालताना पेठेतल्या माणसांसारख्या चालतात, म्हणजे रस्ता आपलाच आहे अशा.

पण मी एक पाऊल टाकलं की चप्पल करकरायची आणि सगळी पलटण उडून पलीकडे. बापू वैतागला. फुटबॉलच्या मॅचला ओरडून ओरडून त्याचा आवाज घोगरा झालाय, त्याची कुजबुजसुद्धा गल्लीत ऐकू जाते.

"आरं चप्पल हाय का बैलगाडी? काढ ती!"

"भावा, ही चप्पल ऐकून लोकं उठून उभी राहायची."

"पाखरं बी उठाय लागल्यात की!"

तेवढ्यात पायरीवर काळंपांढरं, सडपातळ पाखरू उतरलं आणि शेपूट वरखाली करायला लागलं. माझ्या काळजाचा ठोका चुकला. "बापू, पावणं!"

"कुठलं पावणं? धोबी हाय त्यो. बारा महिनं हितंच असतोय, गाववाला हाय. पावणं म्हणजे आलं पायजे, गेलं पायजे."

ते पटलं, पण तरी जवळून बघावं म्हणून मी वाकलो, शेवाळावर पाय गेला आणि मी चपलेसकट रंकाळ्यात. पाणी माझ्या डोक्यावरून दोन पुरुष होतं. (गुडघाभर. हल्ली मीच थोडं कमी करून बघतो, पण तिच्याइतकं जमत नाही.) बापूनं मला बाहेर काढला आणि मिसळ खायला घातली. कट तिखट होता. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं, असं मी बापूला सांगितलं. त्यानं माझ्यापुढं दह्याची वाटी सरकवली. पेठेतली माणसं मोठ्यानं बोलतात, पण कधी गप्प बसायचं ते त्यांना कळतं.

दुसरा दिवस: कळंबा

चप्पल परसात उन्हात ठेवली आणि अनवाणी कळंब्याला चालत निघालो. बरं झालं. अनवाणी माणसाला पाखरं माणसात धरत नाहीत. तारेवर वेडे राघू ओळीनं बसले होते, त्यातल्या एकानं माझ्या नाकापुढून माशी पकडली आणि वर माझ्याकडेच बघितलं, जणू माशी मी सांभाळली होती. एक खंड्या पाण्यात सूर मारून बाहेर आला तेव्हा त्याच्या चोचीत मासा होता तो हातभर. बरं, बोटभर.

तलावाकाठी एक बाई दुर्बीण लावून उभ्या होत्या. निवृत्त शिक्षिका, डोक्याला टोपी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात पक्ष्यांचं पुस्तक. मी जाऊन म्हटलं, "आमच्याकडं एक पाखरू येतंय. पाच महिने राहतंय. शेपूट हालवतंय."

"रंग कोणता?" बाई.

आता 'माहीत नाही' हे दोन शब्द मी आयुष्यात कुणाला म्हटलेले नाहीत. म्हटलं, "सगळे."

"सगळे म्हणजे?"

"डोकं निळं, मान सोन्याची, पोट हिरवं, शेपूट हातभर, आणि रागावलं की तुरा उभा करतंय."

बाईंनी शांतपणे पुस्तक चाळलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मग मिटलं. "काका, हा पक्षी अजून जन्माला यायचाय. तुम्ही स्वतः पाहिलाय का?"

तळ्यावर वारा होता, पाणी हलत होतं, आणि मला कळत होतं की ते पाखरू माझ्या घरापासून नव्हे, माझ्या पाठीपासून दहा पावलांवर येऊन बसत होतं. मी फक्त वळायला हवं होतं.

"नाही," म्हटलं. "मालकिणीनं पाहिलंय. ती आता नाही."

बाईंनी डब्यातले दडपे पोहे पुढं केले. आम्ही काठावर बसून खाल्ले. मग त्या म्हणाल्या, "हिवाळी पाहुणे फार लांबून येतात. हिमालयाच्या अंगानं. आणि त्यांतले काही दर वर्षी नेमके त्याच बागेत उतरतात, तीच फांदी, तोच दगड."

"आणि दगड नसला तर?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "बघतात इकडंतिकडं. मग जातात पुढं."

मी हात धुवायला पाण्याकडे वाकलो.

"तुमच्या मंडळींनी कुणाला तरी सांगितलं असेल ना?" बाई म्हणाल्या. "असं काही दिसलं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही हो."

मला सांगितलं नव्हतं. मग कुणाला? कॅलेंडरात दर 'पावणं आलं'च्या खाली काय लिहिलं होतं ते मला चालता चालता आठवलं: 'आक्काला फोन.' बाईंचा नंबर घेतला होताच, आता गाडी वडगावची.

तिसरा दिवस: पेठ वडगाव

आक्का म्हणजे मालकिणीची थोरली बहीण. वय पंचाहत्तरीच्या पुढं, आवाज असा की वडगावच्या बाजारात भाव तिनं विचारला की शेजारच्या गावात उतरतो. मी दारात उभा राहिलो, "जय भीम, आक्का," म्हटलं. ती आतून ओरडली, "या पावणं!" आणि मी उंबऱ्यातच थबकलो.

"काय झालं? भूत दिसलं व्हय? बसा."

वर्षावासाचे शेवटचे दिवस, घरात मटण बंद. ज्वारीची भाकरी, वरण्याच्या दाण्यांची आमटी, खर्डा. आमच्याकडे जावयाला आग्रह करतात, वडगावात ताटात भाकरी टाकतात आणि खाईपर्यंत समोरून हलत नाहीत. तिसऱ्या भाकरीला मी कॅलेंडराचा कागद काढला.

"आक्का, हे पावणं कोण?"

आक्कानं कागद लांब धरून वाचला. आणि हसायला लागली. असली हसली की पदर तोंडाला लावला, मग डोळ्याला लावला.

"दाजी, तुमास्नी म्हायती न्हाय व्हय?"

"असतं तर आलो असतो का?"

"आवो, पाखरू हाय ते. काळं. पाठ काळी, छाती काळी, आन पोट विटकरी. चिमणीएवढं. दगडावर बसून शेपूट थरथर थरथर करतंय, थंडी भरल्यागत."

"मग त्याला पावणं का म्हणायची?"

"तुमी तिला बघाय आलतासा, ते आठवतंय?"

मी छाती पुढं काढली. "न आठवायला काय झालं. काळा कोट..."

"काळा कोट. आन खाली विटकरी प्यांट. घरात खुर्ची नव्हती म्हणून बानं तुमाला मागं परसात धुण्याच्या दगडावर बसवला. आन बसल्या बसल्या तुमचा पाय जो हालाय लागला दाजी! थरथर थरथर. तुमची ती चप्पल करकर, करकर, थांबंनाच. आमी दोघी दाराआड. मी म्हटलं, 'गं, तुजं पावणं उडून जातंय बघ.' हसून हसून मेलो. इंग्रजी न्हाय का फिंग्रजी न्हाय, तुमच्या तोंडातनं नाव निघंना तुमचं."

"आणि पोळ्या?" मी विचारलं.

"अर्दी. ती बी ताटात ठेवलासा."

चुलीत लाकूड फुटलं. मी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसलो. चारशे वेळा. चारशे वेळा ती शेजारी बसून भाजी निवडत राहिली होती.

"मग म्हातारपणी," आक्का आता हळू बोलत होती, म्हणजे फक्त गल्लीत ऐकू जाईल इतकं, "तुमच्या परसात ते पाखरू आलं. दगडावरच बसलं. तिचा फोन, 'आक्का, पावणं आलं गं. तसंच थरथरतंय.' तवापासनं दर साली आमचं दोघींचं हसायचं ठरल्यालं. यंदा फोन कोण करणार?"

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"कवा सांगायची? तुमचंच चालू असतंय की दाजी. त्या सापाचं." मग माझं तोंड बघून तिनं चौथी भाकरी टाकली. "आन सांगितलं असतं तर तुमी ती वाघाची गोष्ट परत सांगितली नसती. ती तिला लई आवडायची."

येताना एसटी शिरोलीवरून गेली. फाउंड्रीची चिमणी दिसली. शेजारी बसलेल्या माणसाला मी काहीही सांगितलं नाही. असं पहिल्यांदाच घडलं.

चौथा दिवस: परसू

सकाळीच तालमीत गेलो. बापूला म्हटलं, "दगड दे."

"दिलेला दगड परत मागतोस? पोरं उचलत्यात त्याला. आखाड्याची शान झालाय."

"बापू, मालकिणीचा आहे."

त्यानं पोरांना बाजूला सारलं. हातगाडी आणली, दोघांनी दगड चढवला आणि भर पेठेतून ढकलत नेला. लोक विचारायचे, "काय बापू, देव बसवताय काय?" बापू ओरडायचा, "पावणं येणार हाय! वाट सोडा!"

घरी पहार घेतली आणि परसातल्या मधल्या पाच फरश्या फोडून काढल्या. खाली माती निघाली, दबलेली, पण ओल धरून. दगड जुन्या जागी बसवला, गुळगुळीत अंग वर. शेजारी पाण्याचं ताट. बाईंना फोन करून आक्कानं सांगितलेला रंग सांगितला. त्या लगेच म्हणाल्या, "थिरथिरा! काळा थिरथिरा. किडे खातो, दाण्यांकडे ढुंकून बघत नाही. माती मोकळी केलीत ना? मग वाट बघा."

प्रवास इथं संपला. वाट बघणं हा त्याहून लांबचा प्रवास, त्याचं वर्णन करून तुम्हाला दमवत नाही. पौर्णिमा झाली. वर्षावास संपला, विहारात खीर वाटली, मी मागच्या दारात स्टूल टाकून बसलो. दुसऱ्या दिवशी एक दयाळ आला, पेरूवर शीळ घालून गेला. तिसऱ्या दिवशी दोन साळुंक्या त्या दगडावरूनच भांडल्या. मी हाकलल्या. पुढच्या कट्ट्यावरची मंडळी विचारत आली, "अण्णा, साप संपले काय?" चौथ्या दिवशी मला वाटायला लागलं, आलं असेल. मी वडगावात भाकरी खात होतो तेव्हा आलं असेल, फरशी बघितली असेल, आणि गेलं असेल पुढं.

पाचव्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसलो होतो. माझी ती चप्पल अजून उन्हात होती. रंकाळ्याच्या पाण्यानं कातडं आकसून वाकडं झालेलं. तिच्या अंगठ्यावर एक काळं पाखरू येऊन बसलं. पोट विटकरी. मी श्वास धरला. त्यानं मान वाकडी करून फुटलेल्या फरशीकडे बघितलं, मातीकडे बघितलं, मग टुणकन उडून दगडावर गेलं. आणि शेपूट थरथरायला लागलं. थरथर, थरथर. थंडी भरल्यागत.

माझं तोंड उघडलं होतं. आत वळून मालकिणीला हाक मारणारच होतो.

कपातला चहा निवला तोवर तसाच बसून राहिलो. मग उठलो, हळू, अनवाणी. आक्काला फोन लावला. "आक्का, पावणं आलं." पलीकडून हसण्याचा आवाज आला, नाकातून, ओला. गल्लीतही ऐकू जाणार नाही इतका.

खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं. तिची पेन्सिल दोऱ्यानं तिथंच बांधलेली होती. हाताला सवय, 'पन्नास पावणं आली' असं लिहायला निघाला होता. थांबवला. बाहेर बघून पुन्हा नीट मोजलं.

एकच होतं. चिमणीएवढं. निम्मं करायला काही नव्हतं. तसंच लिहिलं.